पत्र्यापलीकडं

शेवंतीनं चौथ्या दिवशीही ढेपेला तोंड लावलं नाही.

लावणार तरी कशी? ती कालवड जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून खणात. डावीकडे पत्रा, उजवीकडे पत्रा, मागं भिंत, पुढं फाटक आणि फाटकाबाहेर योगिनीची बादली. दूध आलं की प्यायचं आणि निजायचं, एवढंच तिला ठाऊक. आता अडीच महिने झाले, दूध तोडून ढेप-चुनीच्या खुराकावर आणायचे दिवस आले, तर घमेल्यातल्या भुग्याकडे ती अशी बघे की जणू आत साप बसलाय. मग तोंड फिरवून पत्र्याला कपाळ टेकून उभी. ताप नाही, हगवण नाही, खोकला नाही. नांदुऱ्याहून डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, आजार काहीच नाही. आजार नाही तर बरगड्या का दिसायला लागल्या, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

वसुबारसेचा दिवस. योगिनीचा कडक उपास. सकाळपासून पोटात बिनदुधाचा चहा तेवढा गेलेला. दुपार कलली तशी ती जनावरांच्या कोठ्यात रिकामी बादली पालथी घालून बसली आणि बसल्या बसल्या तिचं डोकं तरंगायला लागलं. कोठ्यात नऊ खण, नऊ वासरं, नऊ श्वास. वरच्या कौलांच्या फटीतून उन्हाच्या काड्या खाली आलेल्या आणि त्यात भुसा-कुटाराची धूळ सावकाश फिरत होती. लांब लोहमार्गावरून मालगाडी चालली होती. किती डबे असतील कोण जाणे, संपतच नव्हती. त्या आवाजात योगिनीचा डोळा लागला. आणि ती पाच आली.

डोळा लागला की ती पाच वासरं यायचीच. पायांचा आवाज नाही, हंबरणं नाही. एकामागून एक कपाशीच्या पांढऱ्या ओळींमधून चालत यायची, तिच्याभोवती उभी राहायची आणि तिचा हात चाटायची. रागावलेली नसायची. रागावली असती तर बरं झालं असतं, असं योगिनीला वाटायचं.

बाहेर कोणी खाकरलं. योगिनी दचकून उठली, पदर डोक्यावर ओढला आणि खांबाआड सरकली. भागवत आले होते.

भागवत म्हणजे तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. या घराची रीत अशी की धाकट्या सुनेनं भासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही. आता जग कुठल्या कुठं गेलं, योगिनी स्वतः मोबाइलवर दुधाचा हिशेब पाठवते, पण रीत म्हणजे रीत! काही सांगायचं असलं तर तिसऱ्याला सांगायचं आणि शेवटी 'म्हणावं' लावायचं. तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, पुष्पाबाई. त्या नसल्या तर मग जे जनावर समोर असेल ते. गवळण नावाची ती म्हातारी संकरित गाय, तिला या घराची जितकी भानगड ठाऊक होती तितकी गावात कोणाला नव्हती.

“गवळणे,” योगिनी गाईकडे बघून म्हणाली, “चौथा रोज झाला, शेवंतीनं ढेप नाई खाल्ली म्हणावं.”

भागवतांनीही गाईकडेच बघितलं. “मंग हातानं चारा म्हणा.”

“चारून पाह्यली म्हणावं. थुकून देते.”

“भाऊबीजेपोतूर पाहू. नाई खाल्लं तं व्यापारी येऊन राह्यला, त्याले देऊन टाकू. कोठ्यात मेली तं तिचं पाप नाई पाहिजे मले म्हणा. पाच पाह्यले, लय झालं.”

गवळण रवंथ करत दोघांचं ऐकून घेत होती. व्यापारी म्हटल्याबरोबर योगिनीनं शेवंतीच्या खणाकडं बघितलं. न खाणारी अडीच महिन्यांची कालवड व्यापारी कुठं नेतो, हे काय तिला कोणी सांगायला हवं होतं?

तेवढ्यात मयुरी आली. मयुरी ही भागवतांची लेक, अकोल्याला जनावरांच्या डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला. दिवाळीला कालच घरी आली होती आणि आल्यापासून कोठ्यातच घुटमळत होती. तिनं शेवंतीच्या फाटकावर हात ठेवला तर शेवंती मागच्या भिंतीला जाऊन चिकटली.

“बाबा, हिले दवाई नाई लागत. सोबत लागते,” मयुरी म्हणाली.

“काय लागते?”

“सोबत. हे शेजारची तगर हिच्याहून चारच दिवसांनं मोठी, अन् ते मस्त ढेप खाऊन राह्यली. मधातला पत्रा काढा. एक खाते ते पाहून दुसरं खाते. एकट्यानं वाढलेलं वासरू नव्या गोष्टीले भेते, मंग ते ढेप असो की माणूस असो. तुमी तं तिले पत्र्याशिवाय काईच दाखवलं नाई.”

“आमी सोबतच ठेवत होतो ना बाई! एका आवारात सगळे. काय झालं मंग?”

“ते बिमार वासरू आत गेलं म्हणून झालं. निरोगी पाहून, एका वयाचे, दोन-दोन ठेवाचे. अन् कोणाची जराशी तब्येत बिघडली की त्याले तवाच बाजूले काढाचं. रोज सकाई नजर पाह्यजे, बस.”

“नजर!” भागवत हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. “ते नजर होती आपल्या घरी. अन् ध्यान नव्हतं. माणूस इसरते मयुरी, पत्रा इसरत नाई.”

घराकडं न बघता म्हणाले ते, तरी बोट कुणाकडं होतं हे मयुरीला कळलं. तिचा चेहरा पडला. तिच्या आईबद्दल बोलत होते. योगिनी खांबाआड होती. तिनं पदराचं टोक दातात धरलं.

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. तेव्हा कोठा थोरल्या जावेच्या, बनाबाईंच्या हाती होता. आणि काय हात होता तो! वासराचा कान दोन बोटांत धरला की ताप उद्या येणार हे बनाबाई आज सांगायच्या. श्रावणात भागवतांनी बाजारातून एक वासरू आणलं. आल्या आल्या त्याला हगवण लागली. बनाबाईंनी त्याला कुटाराच्या खोलीत वेगळं ठेवलं, बाहेरून कडी लावली आणि सगळ्यांना ताकीद दिली, बरं होईस्तोवर कोणी उघडायचं नाही. ते वासरू दोन दिवस ओरडलं. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला योगिनीनं कडी काढली. घडीभर दुसऱ्या वासरांजवळ बसू दे बिचाऱ्याला, मग परत कोंडू, एवढंच तिच्या मनात होतं. वासरू आवारात गेलं, आणि चिमणीएवढ्या आवाजात हंबरून बाकीच्यांच्या अंगाला अंग लावून बसलं. इतकं शांत बसलं की तिच्यानं त्याला उठवलं गेलं नाही.

सकाळी भागवत अंगणात उभे राहून कडाडले, “कडी कोणं उघडी ठेवली?”

योगिनी दारात होती. सासूबाई वावरात गेलेल्या. गाय चरायला गेलेली. आता सांगायचं तर कोणाला 'म्हणावं' म्हणून सांगायचं? ती हा विचार करत होती तेवढ्यात बनाबाईच घरातून बाहेर येत म्हणाल्या, “मीच इसरली असंन. काल कुटार काढलं होतं म्या.” झालं. पंधरा दिवसांत पाच वासरं गेली. भागवतांनी बायकोच्या हातून कोठा काढून घेतला, योगिनीला दिला, आणि पत्र्याचे खण उभे केले. त्यानंतर वासरू मेलं नाही, हेही खरं. पण बनाबाईंनी त्या दिवसापासून कोठ्यात पाऊल टाकलं नाही.

बाईंनी जाणूनबुजून अंगावर घेतलं, मोठ्या मनाच्या आहेत बाई, असं योगिनीनं स्वतःला सांगितलं. ते एकच सांगणं दिवसातून दहादा सांगत तिनं चौदा महिने काढले. आणि रीत होतीच की आडोशाला! भासऱ्यांशी बोलायचंच नाही, तर कबूल तरी कसं करायचं?

सूर्य खाली गेला तशा पुष्पाबाई ताट घेऊन आल्या. वय पंचाहत्तर, आवाज मात्र पंचविशीतला.

“गाय आणा, वासरू आणा! येळ होऊन राह्यली.”

“आई, गाईचीच कर पूजा यंदा. वासरू राहू दे आत,” भागवत म्हणाले.

“वसुबारस हाय का गायबारस? मागच्या साली बी तू असंच केलं. गवळणीचं लेकरू कोणतं? हे शेवंती ना? आणा तिले. पत्र्याची पूजा कराले नाई बसली मी!”

मयुरीनं फाटक उघडलं. शेवंती येईना. तिला पाठीमागून हळूहळू ढकलत बाहेर आणावं लागलं. कोठ्याचा कोबा संपून माती लागली तिथं शेवंती थबकली. पाय उचलून बघितला, पुन्हा ठेवला. अडीच महिन्यांत तिच्या पायाला माती लागली नव्हती. समोर संध्याकाळ पसरलेली. तुरीच्या वावरावरून धुरकट निळं काहीतरी उतरत होतं, अंगणात पणत्या लागल्या होत्या, झेंडूच्या माळेचा वास सुटला होता. बाकीच्यांच्या मनाला त्यानं बरं वाटत होतं. शेवंतीला प्रत्येक गोष्ट अंगावर येत होती. तिचे चारही पाय लटलट कापायला लागले.

कोठ्यापुढच्या सांडपाण्याच्या नालीपलीकडे, अंगणाच्या कडेला बनाबाई उभ्या होत्या. वड्यांची परडी त्यांनी मयुरीच्या हातून पुढं पाठवली होती. नालीच्या अलीकडं त्या येत नसत.

पुष्पाबाईंनी गवळणीला कुंकू लावलं, पायावर पाणी घातलं. गवळणीनं मान लांब करून शेवंतीला हुंगलं. सगळे बघत होते. गाईनं एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं, नाकातून फुस्स केलं आणि तोंड वड्यांकडे वळवलं.

“अवं माय!” पुष्पाबाईंचा हात तसाच राहिला. “माय लेकराले वळखेना?”

“कशी वळखीन आजी? चाटाले बी नाई मिळालं तिले,” मयुरी म्हणाली.

पुष्पाबाई पणतीचं ताट घेऊन शेवंतीकडे वळल्या मात्र, त्या ज्योतीला भिऊन शेवंतीनं अशी उडी घेतली की ताट उडालं, पणती विझली, कुंकू मातीत सांडलं. शेवंती गुडघ्यावर पडली आणि उठायचं सोडून तिथंच बसून राहिली. डोळे मिटलेले. मेल्यासारखी.

मग कोठ्यातून तगर ओरडली.

शेवंतीचा कान फिरला. तगर पुन्हा ओरडली. शेवंती उठली. पाय कापतच होते, पण ती चालत गेली, सरळ आपल्या खणात. पत्रा आणि जमीन यांच्यात चार बोटांची फट होती, तिथं तिनं नाक लावलं. पत्र्यापलीकडून तगरचं नाक आलं. दोन ओली नाकं त्या फटीत एकमेकींना लागली आणि शेवंतीचं कापणं हळूहळू थांबलं. वरच्या फटीतून आता ऊन नव्हतं, नुसता उजेड होता. तेवढ्यापुरतं योगिनीला वाटलं की आपण अजून दुपारच्याच झोपेत आहोत, आणि हे सगळं पुसलं जाईल.

“फाटक लाव मयुरी,” भागवत म्हणाले. “अन् हे काई जगत नाई. भाऊबीज कायले, उद्याच फोन लावतो व्यापाऱ्याले.”

योगिनी सासूबाईंजवळ गेली. “आत्याबाई, पत्रा काढू द्या म्हणावं. शेवंतीले नका इकू म्हणावं.”

पुष्पाबाई मातीतलं कुंकू गोळा करत होत्या. पूजा मोडली होती, पोटात अन्न नव्हतं, आणि वरून हे. “माहा उपास हाय बापा! तुमचे निरोप पोचवाले मी पोस्टमन हाय काय? अठरा वर्स झाले! त्या गाईले सांग!”

गाय वडे खात होती.

योगिनी उभी राहिली. मग तिनं वळून भासऱ्यांकडे बघितलं. अठरा वर्षांत तिनं त्यांच्या चपला पाहिल्या होत्या, धोतराचा काठ पाहिला होता, पाठ पाहिली होती. चेहरा असा समोरून आज पाहिला. मिशा पार पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांना हाक काय मारायची हेसुद्धा तिला माहीत नव्हतं, म्हणून ती हाकेशिवायच बोलली.

“कडी म्या काढली होती.”

भागवत गोंधळून आईकडे बघायला लागले. “आई, हे काय म्हणून राह्यली?”

“तुह्याशी बोलून राह्यली ते. मले काऊन इचारतं?”

“श्रावणातली,” योगिनी म्हणाली. थांबली तर पुन्हा जमणार नाही हे तिला कळत होतं. “कुटाराच्या खोलीची. ते वासरू वरडत होतं, मले सहन नाई झालं. बाई इसरल्या नव्हत्या. म्या माह्या हातानं काढली कडी. ते पाच माह्यानं गेले. कोठा माह्याकडून काढून घ्या, पण बाईले द्या. रोजची नजर त्याईलेच हाय. पत्र्याले नजर नसते.”

बोलल्या त्या बनाबाई, नालीपलीकडून.

“कधी काढली?”

“तिन्हीसांजेले. तुमी कुटार काढून गेल्यावर.”

“म्हंजे मी लावली होती?”

“लावली होती, बाई. घट्ट होती. म्या दगडानं ठोकून काढली.”

बनाबाईंनी परडी परत घ्यायला पुढं केलेला हात छातीशी नेला. “मंग मी नाई इसरली,” त्या म्हणाल्या. आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, “मी नाई इसरली!”

योगिनीला आधी काही उमगलंच नाही.

“माह्या मायले शेवटी शेवटी आमचे नावं बी याद नव्हते,” बनाबाई म्हणाल्या. “मले वाटलं, लागलं मले बी तेच. कडी लावल्याचं डोळ्यापुढं दिसे, अन् मी म्हणो, हे बी डोकं खोटंच दाखवून राह्यलं. चौदा महिने मी गॅसले हात नाई लावला, पेटता राह्यला तं? लेकीचं नाव कागदावर लिहून उशाखाली ठेवलं व म्या! उद्या इसरली तं पाहाले!”

“आई!” मयुरी रडायलाच लागली.

मोठ्या मनाच्या म्हणे! योगिनीला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी काही अंगावर घेतलं नव्हतं. बाईंना खरंच वाटलं होतं. चौदा महिने त्या एका घरात, एका ताटाच्या अंतरावर, आपलं डोकं संपत चाललंय असं समजून जगत होत्या, आणि एका वाक्यानं त्यांना सोडवता आलं असतं. पाच वासरांचं दुःख योगिनीनं उराशी धरलं होतं. हे सहावं तिला ठाऊकच नव्हतं.

भागवत पालथ्या बादलीवर बसले. “बना,” ते म्हणाले. चारचौघांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारली, तीही पहिल्यांदाच.

बनाबाईंनी तिकडं बघितलं नाही. त्यांनी लुगडं जरा उचललं आणि नाली ओलांडली. कोठ्यात आल्या, शेवंतीच्या खणात शिरल्या. शेवंती भिंतीला चिकटायला गेली, पण बनाबाईंनी घाई केली नाही. खाली बसल्या, हात पुढं धरून नुसत्या बसून राहिल्या. बराच वेळ. शेवटी शेवंतीनं बोटं हुंगली, तेव्हा त्यांनी तिचा कान दोन बोटांत धरला. मग शेपटी उचलून पाहिलं. मग शेजारी जाऊन तगरचा कान, तगरची शेपटी, तगरच्या तोंडाचा वास.

“दोघी बऱ्या हायेत,” त्या म्हणाल्या. “पत्रा काढा.”

पाना आणायला भागवत स्वतः गेले. नटबोल्ट गंजले होते. त्यांनी एकेक करून सोडवले, एका ठिकाणी बोट सोलवटून घेतलं, पण मयुरीला हात लावू दिला नाही. पत्रा निघाला तेव्हा मोठा खडखडाट झाला आणि दोन्ही वासरं दोन कोपऱ्यांत पळाली. मग तगर आधी आली. तिनं शेवंतीची मान हुंगली, पोट हुंगलं, अंगाला अंग घासलं आणि काही विशेष नाही अशा थाटात आपल्या घमेल्याकडे जाऊन ढेप खायला लागली.

शेवंती तिच्यामागं गेली. तगरच्या गालाला गाल लावून उभी राहिली. तगरच्या ओठांवरचा भुगा हुंगला, मागं सरली, पुन्हा हुंगला. नाकाला लागलेलं चाटलं. मग तिनं घमेल्यात तोंड घातलं.

“खाल्लं!” मयुरी ओरडली.

“चूप व!” पुष्पाबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. “नजर लागते!”

योगिनी पुढं झाली. “बाई,” ती म्हणाली, “मले माफ...”

“नाई,” बनाबाई म्हणाल्या. त्यांचा हात शेवंतीच्या पाठीवर होता आणि डोळे कोरडे होते. “आज नाई. होईन का नाई, ते बी मले आज नाई सांगता येत.”

“हाव,” योगिनी म्हणाली.

“मंग उभी काऊन राह्यली? दुधाची येळ झाली. दोघींचं एका बादलीत आणू नको. एकमेकीचं उष्टं नाई पेऊ द्याचं. दोन बादल्या आण, धुऊन आण.”

योगिनी दोन बादल्या धुवायला हौदावर गेली.